कागदावर गेलेले जंगल



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठी साहित्यातल्या प्रवाहांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम जिथे मिळतात त्या भामरागडात उभे राहून मला तो घ्यावासा वाटत नाही. मला आज अमेरिकेबद्दल बोलायचे आहे. तिथल्या मूळ लोकांची जमीन कशी गेली हे नीट पाहिले, तर आपल्या पायाखालची जमीन अधिक स्पष्ट दिसते.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामातल्या एका बेटावर उतरला. त्या भागातल्या बेटांवर ताइनो लोकांची दाट वस्ती होती. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत तो समाज जवळजवळ नाहीसा झाला. खाणींतली वेठ, उपासमार, तलवार आणि देवीची साथ, सगळ्यांनी मिळून ते केले. १५२० साली देवी मेक्सिकोतल्या तेनोच्तित्लान शहरात शिरली, अ‍ॅझ्टेकांचा नवा राजा क्वित्लाव्हाक तिने नेला आणि पुढच्या वर्षी शहर पडले. स्पॅनिश सैनिक तिथे थोडेच होते. त्यांच्या बाजूने हजारोंनी लढले ते त्लाश्कालाचे लोक, अ‍ॅझ्टेकांचे जुने वैरी.

रोगराईची आणि तलवारीची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. साहित्य संमेलनात मला कागदाची गोष्ट सांगितली पाहिजे. १५१३ पासून स्पॅनिश तुकड्यांबरोबर एक जाहीरनामा असे, ‘रिक्वेरिमिएंतो’. देवाने जग निर्माण केले, पोपने ही भूमी कॅस्टीलच्या राजाला दिली, ते मान्य करा. न कराल तर आम्ही युद्ध करू, तुम्हाला बायकापोरांसह गुलाम करू आणि त्याचा दोष तुमचाच असेल, असा त्याचा आशय. तो स्पॅनिशमध्ये वाचला जाई. लोक पळून गेलेल्या ओस गावातही वाचला जाई. वाचन रीतसर झाले याची नोंद लेखनिक करी, आणि मग हल्ला होई. ऐकणाऱ्याला कळले का, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता.

आता इकडे चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे या. गोंड राजांचे चांदा १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि शंभर वर्षांनी भोसल्यांचे राज्य खालसा होऊन इंग्रजांकडे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके उठले. त्यांच्या लोकांनी प्राणहितेकाठी ज्या दोन इंग्रजांना मारले ते तारखात्याचे होते. बाबूराव शेवटी सापडले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीने. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले आणि लक्ष्मीबाईंना बक्षिसात गावे मिळाली. त्लाश्काला आणि अहेरी यांच्यात सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळाचे अंतर आहे, पण साम्राज्याचे काम घरातल्या वैराने सोपे केले ते दोन्हीकडे.

एक फरक मात्र मोठा आहे. अमेरिकेत रोग गोऱ्यांबरोबर आला आणि त्याने मूळ लोकांना खाल्ले. इथे हिवताप जंगलातच होता. इथल्या माडिया आदिवासींनाही तो मारत आला, पण बाहेरच्या माणसाला त्याची धास्ती अधिक. म्हणून इथे वसाहतवाले जहाजे भरून आले नाहीत. माडिया आपल्याच डोंगरांत राहिला. त्याला कोणी हाकलले नाही, त्याच्याभोवतीच्या जंगलाचा मालक तेवढा बदलला.

तोही कागदावर. १९२७ च्या वन कायद्याची रीत अशी: राखीव करायच्या जंगलाचा जाहीरनामा स्थानिक भाषेत लावायचा, दाव्यांसाठी किमान तीन महिने द्यायचे, आणि ज्या हक्काचा दावा आला नाही तो हक्क संपला. ज्या माणसाने पेंदा म्हणजे फिरती शेती करताना, मोह वेचताना, मासे धरताना कधी कोणाकडे अर्ज केला नाही, त्याने तीन महिन्यांत लेखी किंवा समक्ष दावा सांगायचा होता! आणि एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. अहेरी जमीनदारीतली जंगले सरकारजमा झाली ती १९५१ साली, जमीनदारी गेल्यावर, म्हणजे आपल्या स्वतंत्र देशात. जमीनदार गेल्याचा आनंद योग्यच होता. पण जंगल त्यात राहणाऱ्यांकडे न जाता खात्याकडे गेले, आणि त्यातला बांबू सवलतीच्या दराने बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे. मराठी पुस्तके ज्या कागदावर छापली गेली त्यातला काही तरी या बांबूचा आहे. त्या पुस्तकांत माडिया किती आला? आला तो बहुधा गोटुलच्या, म्हणजे युवागृहाच्या, चविष्ट वर्णनांतून, उघड्या अंगाच्या नवलाईतून. हा अपमान मराठी लेखणीने केला आहे आणि तो थांबला पाहिजे.

आता शाळेकडे पाहू. अमेरिकेत १८७९ साली मूळ लोकांच्या मुलांसाठी कार्लाइलची निवासी शाळा निघाली. मुलांचे केस कापले, नावे बदलली, भाषा बंद केली. आपल्या आश्रमशाळा तशा क्रूर हेतूने निघालेल्या नाहीत, त्यांत जीव ओतणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तरीही पहिलीतले माडिया पोर जे पुस्तक उघडते त्यात त्याच्या घरातला एक शब्द नसतो. धानोऱ्याजवळच्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी शाळा सुरू केली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची नोंद २९ लाखांहून अधिक आहे. त्याच्या निम्म्या भाषकांची बोडो आठव्या अनुसूचीत आहे, आणि असायलाच हवी. गोंडी नाही.

लिपी आली, छापखाना आला की सगळे सुटेल, असे कोणी म्हणेल. चेरोकी लोकांचा इतिहास तसे म्हणू देत नाही. सेक्वोया नावाच्या माणसाने १८२१ पर्यंत त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली. १८२८ साली त्यांचे वर्तमानपत्र निघाले. १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी १८३८ साली सैन्याने त्यांना घरांतून काढून शेकडो मैल पश्चिमेला हाकलले आणि त्या वाटेवर हजारो मेले. निकाल पाळायला सरकारला भाग पाडील एवढे बळ त्यांच्यामागे कोणी उभे केले नाही.

आपल्या हातात आज काय आहे? २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि तिच्यात गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा धरला आहे. लेखकांनो, याचा अर्थ लक्षात घ्या. या डोहात आमचा देव, त्या टेकडीवर आजोबांचा पेंदा, या झाडाचा मोह अमक्या घराचा, हे म्हाताऱ्या माणसाचे बोलणे आता दस्तऐवज आहे. मेंढा (लेखा) गावाने दावा केला, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना हातात घेतला. ते गाव आधी वर्षानुवर्षे एकत्र बसून शिकले, सर्वांच्या सहमतीने ठरवत गेले. पण म्हातारी माणसे चालली आहेत. त्यांच्या आठवणी उतरवून घेणे हे काम कवितासंग्रहाच्या प्रकाशनाइतकेच वाङ्मयीन आहे, आणि त्याला घाई आहे.

पॅराग्वेत १९९२ च्या राज्यघटनेने ग्वारानी ही स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा झाली, आणि ती मूळ लोकांखेरीज देशातले बहुसंख्य लोकही बोलतात. मग भामरागड, एटापल्ली, अहेरीत नोकरीला येणारा शिक्षक, डॉक्टर, वनरक्षक, पोलीस माडिया का शिकत नाही? माडिया बाई दवाखान्यात दुभाषी शोधत फिरते, हे इथे रोज घडते.

या संमेलनाचे ठराव उद्या दुपारी मांडले जातील. त्यांत सूरजागडच्या लोहखनिज खाणीबद्दलचा ठराव आहे, माडिया पाठ्यपुस्तकांचा आहे, वनहक्क कायद्यातल्या अधिवास हक्काचाही आहे. आयोजकांना माझी विनंती आहे आणि अध्यक्ष म्हणून तो माझा आग्रहही आहे: प्रत्येक ठराव आधी माडियात वाचला जावा, मागे बसलेल्या आयांना तो कळला का हे विचारले जावे, त्यांना बदल सुचवू द्यावेत, आणि हात वर करण्याची वेळ त्यानंतर यावी. त्यासाठी सत्र संध्याकाळपर्यंत लांबले तरी चालेल.