शेततळे खणण्यापूर्वीचा हिशेब

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शेततळे पाणी तयार करीत नाही, ते फक्त साठवते. म्हणून जागा आखण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन बसावे. गणित साध्या गुणाकाराचेच आहे.

एक आकडा पाठ करावा : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५०० मि.मी. पाऊस झाल्यास हेक्टरी ५० लाख लिटर पाणी पडते. त्यातील बरेचसे मुरते, काही उडून जाते. उताराने वाहील तेवढेच तळ्यात येते. हे प्रमाण जमीन, उतार आणि पावसाचा जोर यांनुसार बदलते. हिशेबासाठी १० टक्के धरू. म्हणजे हेक्टरी ५ लाख लिटर. ५ सें.मी. खोलीचे एक संरक्षित पाणी एका हेक्टरला देण्यास एवढेच लागते.

आता तळे पाहू. वरची लांबी-रुंदी ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १:१ असल्यास तळाशी २४ × २४ मीटर जागा राहते व सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते भरण्यास वरच्या अंगाला जवळजवळ साडेचार हेक्टर पाणलोट हवा. आपल्याकडे दोनच हेक्टर असल्यास १० लाख लिटर येईल. तळे निम्मेही भरणार नाही.

मग उरलेले तळे विहीर किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. प्लॅस्टिकचा कागद पाझर थांबवतो, ऊन थांबवीत नाही. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो. उन्हाळ्यात रोज ८ मि.मी. बाष्पीभवन धरल्यास दिवसाला ७,२०० लिटर, म्हणजे महिन्याला दोन लाख लिटरहून अधिक पाणी उडून जाते. जमिनीखाली सुरक्षित असलेले, शेजाऱ्याच्याही वाट्याचे पाणी आपण वीज खर्चून उन्हात आणून ठेवतो.

हाच हिशेब गावालाही लागू आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे २००४ पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात. तेथे ऊस व सिंचनासाठी बोअर यांवर गावानेच बंदी घातली.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात :

१. गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी.

२. पाणलोट मोजूनच तळ्याचा आकार ठरवावा.

३. तळे पावसाच्या वाहत्या पाण्यानेच भरावे.

४. ते पाणी पावसाच्या खंडात, पीक फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना द्यावे.

जमा बघून खर्च करणाऱ्याचेच शेत टिकते.