मुस्लिम स्त्रीचे शिरोवस्त्र : धर्माज्ञा की रूढी?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वर्षावासात धम्मावर बोलावे, दुसऱ्यांच्या धर्मातील वस्त्रांवर कशाला, असे काहींना वाटेल. परंतु हा विषय आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना महाविद्यालयांच्या फाटकावर अडविण्यात आले. त्यांच्याविरुद्ध भगवी उपरणी घालून विद्यार्थी जमले. त्याच वेळी चिक्कमगळूरच्या एका महाविद्यालयात दलित विद्यार्थ्यांनी गळ्यात निळी उपरणी घातली आणि 'जयभीम'च्या घोषणा देत ते त्या मुलींच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे आपला रंग आणि आपली घोषणा या वादात आधीच उतरलेली आहे. बाबासाहेबांनी तर पडद्याच्या चालीवर कठोर टीका केली होती, मग निळे उपरणे तेथे कसे, असा प्रश्न आपल्यातील विद्यार्थी विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर भावनेने नव्हे तर अभ्यासाने दिले पाहिजे.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळू. कुराणाच्या २४ व्या अध्यायात, 'अन-नूर'मध्ये, ३० वी आणि ३१ वी आयत या विषयासंबंधी आहेत. यातील पहिली आज्ञा पुरुषांना आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुरुषांनी आपली नजर खाली ठेवावी व शील सांभाळावे, असे ३० वी आयत सांगते. त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांनाही तेच सांगितले आहे आणि पुढे म्हटले आहे की त्यांनी आपली शोभा, जी सहज दिसते ती सोडून, उघड करू नये आणि आपले 'खिमार' छातीवर ओढून घ्यावेत. खिमार म्हणजे डोक्यावरून घेण्याचे वस्त्र, आपल्या ओढणीसारखे. येथे आज्ञेचा भर छाती झाकण्यावर आहे. 'केस' हा शब्द त्या आयतीत नाही. परंतु ज्या वस्त्राने झाकावयाचे ते वस्त्र मुळात डोक्यावरचे आहे. वादाचे सारे मूळ या एका जागेत आहे. एक पक्ष म्हणतो की डोके झाकणे येथे गृहीतच धरले आहे, म्हणून वेगळे सांगण्याची गरज पडली नाही. दुसरा पक्ष म्हणतो की त्या काळच्या अरबस्तानात जे वस्त्र वापरात होते त्याचा केवळ उल्लेख आला आहे. आज्ञा शालीनतेची आहे, केसांची नाही.

दुसरी आयत ३३ व्या अध्यायातील ५९ वी. घराबाहेर पडताना स्त्रियांनी 'जिलबाब', म्हणजे मोठी चादर, अंगावर ओढून घ्यावी, म्हणजे त्या ओळखल्या जातील आणि त्यांना कोणी त्रास देणार नाही, असे तेथे कारणासह सांगितले आहे. आणि ज्या 'हिजाब' शब्दावरून एवढे रान उठले, तो कुराणात स्त्रीच्या डोक्यावरील वस्त्रासाठी आलेला नाही. त्याच अध्यायाच्या ५३ व्या आयतीत तो पडदा या अर्थाने येतो. पैगंबरांच्या पत्नींकडे काही मागावयाचे असेल तर पडद्याआडून मागा, असा तो संदर्भ आहे.

ग्रंथात इतकेच आहे. परंतु धर्म केवळ ग्रंथाने चालत नाही, परंपरेनेही चालतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हनफी, मालिकी, शाफई व हंबली हे सुन्नी कायद्याचे चार पंथ आणि शियांचा जाफरी पंथ, हे सर्व या बाबतीत एकमत आहेत. परपुरुषासमोर प्रौढ स्त्रीने केस झाकले पाहिजेत, असेच ते सांगतात. आपल्या कोकणातील मुसलमान शाफई आहेत, तर देशावरील बहुतेक हनफी. चेहरा झाकावा की नाही यावर पंथापंथांत मतभेद झाले, केसांवर झाले नाहीत. चेहरा व हात सोडून बाकी शरीर झाकावे, असे सांगणारी एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिची साखळी तुटलेली आहे, अशी नोंद खुद्द संग्राहकानेच करून ठेवली आहे. तरीही परंपरा त्या एकाच हदीसवर उभी नाही. आयत उतरल्यावर स्त्रियांनी आपली वस्त्रे फाडून डोकी झाकली, असे आयेशांच्या तोंडचे कथन बुखारींच्या संग्रहात आहे. तेव्हा 'इस्लाममध्ये असे काही नाहीच' असे बेधडक म्हणणारा मनुष्य हजार वर्षांच्या परंपरेकडे डोळेझाक करतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु याच परंपरेत एक गोष्ट आहे, जी बाबासाहेबांच्या अनुयायांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. केस झाकण्याचा हा नियम स्वतंत्र स्त्रीसाठी होता. गुलाम स्त्रीला तो लागू नव्हता. गुलाम स्त्रीने स्वतंत्र स्त्रीसारखे डोके झाकलेले पाहून खलिफा उमर यांनी तिला दटावले, अशा कथा जुन्या संग्रहांत आहेत. आता विचार करा. केस दिसल्याने समाज बिघडत असेल, तर गुलाम स्त्रीचे केस दिसून तो कसा बिघडत नव्हता? याचा अर्थ, त्या वस्त्रात लज्जेइतकाच दर्जाही गुंफलेला होता. आणि ही चाल इस्लामहूनही फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी हजाराहून अधिक वर्षे आधीच्या ॲसिरियाच्या कायद्यात विवाहित स्त्रीने डोके झाकावे असे होते, आणि वेश्येने व दासीने ते झाकले तर तिला जबर शिक्षा होती. कोणी काय नेसावे यावरून कोण कोणत्या पायरीवर आहे हे ठरविण्याची रीत मनूच्या देशापुरती नव्हती.

आधुनिक काळात मुस्लिम विचारवंतांनीही हा प्रश्न उकलला आहे. मोरोक्कोच्या फातिमा मेर्निसी यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात हिजाबच्या आयतीचा व हदीसींचा इतिहास तपासला. कुराणाचे भाष्यकार मुहम्मद असद यांनी १९८० च्या आपल्या भाष्यात म्हटले की 'सहज दिसते ती शोभा' ही शब्दरचना मुद्दामच मोकळी ठेवलेली आहे, कारण काळानुसार समाज बदलतो. चेहरा झाकण्याची सक्ती कुराणात नाही, हे मुंबईचे असगर अली इंजिनिअर आयुष्यभर सांगत राहिले. उलट बाजूही पाहा. कैरोच्या अल-अजहरचे प्रमुख शेख तंतावी यांनी २००९ मध्ये मुलींच्या वर्गात चेहऱ्यावरील नकाबास मनाई केली, तो रिवाज आहे, धर्म नव्हे, असे सांगून. पण केस झाकणे मात्र धर्माज्ञा आहे, असेच त्यांचे मत होते. म्हणजे ग्रंथ मोकळीक ठेवतो, परंपरा बांधते, आणि आजचे अभ्यासक दोन्हींच्या मध्ये वाट शोधत आहेत. आमच्या वाचनाचा निष्कर्ष हा असा आहे.

आता राजसत्ता या वादात पडली की काय होते ते पाहू. इराणमध्ये १९३६ साली रझाशहाने फर्मान काढून स्त्रियांचा पडदा बंद केला. पोलिसांनी रस्त्यात डोक्यावरची वस्त्रे ओढली. परिणाम काय? अनेक स्त्रिया घराबाहेर पडेनाशाच झाल्या. १९७९ मध्ये क्रांती झाली आणि खोमेनींनी उलटा आदेश दिला. त्या वर्षीच्या ८ मार्चला, महिला दिनी, तेहरानच्या हजारो स्त्रिया सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९८३ च्या कायद्याने डोके न झाकणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा ठरली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची कुर्द तरुणी याच कारणावरून नीतिरक्षक पोलिसांच्या ताब्यात असताना कोसळली आणि मरण पावली. त्यानंतर इराणी मुलींनी भर चौकात आपली शिरोवस्त्रे जाळली, केस कापले. तिकडे तुर्कस्तानात १९९९ साली लोकांनी निवडून दिलेल्या एका स्त्रीला डोक्यावर रुमाल आहे म्हणून संसदेत शपथ घेता आली नाही. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत असा रुमाल बंद केला. एकाने घालण्याची सक्ती केली, दुसऱ्याने काढण्याची. डोके मात्र दोन्हीकडे स्त्रीचेच होते, आणि तिला विचारले कोणीच नाही.

आपल्या देशातील न्यायालयांतही हा प्रश्न वारंवार आला. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलींच्या शाळेत डोक्यावर रुमाल न बांधल्याने इस्लामचा भंग होत नाही, असे म्हटले. २०१६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने डोके झाकणे हा धर्माचा अत्यावश्यक भाग मानून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस तशी परवानगी दिली. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो अत्यावश्यक भाग नाही, असा निकाल दिला. तेच कुराण, तेच संविधान, आणि उत्तरे परस्परविरुद्ध! १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातही दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्या. सुधांशू धुलिया यांच्या दृष्टीने धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हा मुद्दाच गौण होता. ही त्या मुलीच्या निवडीची बाब आहे, आणि तिला शिक्षणापासून रोखून आपण तिचे जीवन सुधारतो आहोत काय, असा त्यांचा सवाल होता. पुढे चेंबूरच्या एका महाविद्यालयातील बंदीचे प्रकरण आले, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाबबंदीला अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरख्यास मुभा दिली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, बाबासाहेबांकडे येऊ. 'पाकिस्तान अथवा भारताची फाळणी' या ग्रंथात त्यांनी पडद्याच्या चालीचे दुष्परिणाम निःसंदिग्ध शब्दांत मांडले आहेत. स्त्रीचे आरोग्य, तिचे शिक्षण, तिचे सामाजिक जीवन या चालीने खुंटते, हे त्यांनी सांगितले. ती टीका आम्हास मान्य आहे आणि ती झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. परंतु आजकाल ही पाने फाडून वापरली जातात. त्याच प्रकरणात बाबासाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला आहे, की मुसलमान समाजात सुधारणेची चळवळ जोर का धरत नाही? त्यांचे उत्तर असे की बहुसंख्याकांच्या दडपणाखाली राहणारा समाज आपली ओळख पुसली जाईल या भीतीने जुन्यालाच घट्ट धरतो. फाटकावर मुलीचा रुमाल ओढणारे लोक सुधारणा करीत नाहीत. ज्या भीतीमुळे सुधारणा अडते तीच भीती ते वाढवतात. तसेच २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की या देशात जन्मापासून मरणापर्यंत सर्वच गोष्टी धर्मात घातल्या जातात, म्हणून धर्माची व्याख्या मर्यादित ठेवली पाहिजे. हे बोल मुल्ला-मौलवींना जितके लागू आहेत तितकेच इतरांनाही लागू आहेत.

वस्त्राचा प्रश्न आपल्याही आयाबायांचा होता, हे विसरू नका. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची तुमची रीत आणि अंगावरचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आणि त्या माउलींनी ते लगेच अमलात आणले. त्रावणकोरात तर नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचीच मनाई होती. तो हक्क त्यांनी अनेक वर्षे लढून १८५९ मध्ये मिळविला, तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नेसावयाचे नाही या अटीवर. पाहा, तेथे झाकणे हीच मुक्ती होती. म्हणून झाकणे वाईट आणि उघडे ठेवणे चांगले, असा सोपा हिशेब चालत नाही.

उपासिकांनो, महाप्रजापती गौतमीची कथा तुम्हास ठाऊकच आहे. संघात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तिने स्वतःच आपले केस कापले, काषाय वस्त्रे परिधान केली आणि कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत ती पायी चालत गेली. आपल्या केसांचे काय करावयाचे हे तिने कोणाला विचारून ठरविले नाही. तथागतांनी कालामांना सांगितले होते की ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. ती पारख त्या मुस्लिम भगिनीने करावयाची आहे. तिच्या वतीने आपण करावयाची नाही.

बँकेच्या काउंटरवर आम्ही एकाच घरातील तीन बाया पाहतो. सासू बुरख्यात, सून डोक्यावर रुमाल बांधून, नात मोकळ्या केसांनी, आणि पैसे भरण्याची स्लिप भरून देते ती नात. तिघी एकमेकींशी हसत बोलत असतात. बदल असाच घरातून येतो, आणि नातीच्या हातातील पेन काढून घेतले तर तो थांबतो.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून आमचे सांगणे असे. कोणी तुम्हाला विचारले की इस्लाममध्ये केस झाकणे सक्तीचे आहे काय, तर अभ्यासून सांगा, की ग्रंथात स्पष्ट शब्द नाही, परंपरेत आहे, आणि मुसलमानांतच आज त्यावर विचार चालू आहे. कोठे बाप, भाऊ, मौलवी किंवा सरकार एखाद्या मुलीवर ते वस्त्र लादत असेल, तर गप्प बसू नका, कारण बाबासाहेबांची टीका तेथे लागू आहे. आणि त्या वस्त्रासाठी कोणी तिला वर्गाबाहेर काढत असेल, तर त्या निळ्या उपरण्यांच्या बाजूला उभे राहा. आपल्या आजोबांना वर्गाबाहेर बसवले गेले, तेव्हाही कारण नियमाचेच सांगितले जात होते.

शिका, असे बाबासाहेब म्हणाले. डोक्यावर काय आहे ते पाहून शिकू द्या, असे ते म्हणाले नाहीत.

 सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!