भेगाळलेल्या रानात स्वागत



सोलापुरात आपलं मनापासून स्वागत. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथलं तळं बांधलं, असं आम्ही मानतो. तळं बांधणारं ग्रामदैवत किती शहरांना लाभलंय? कोरडवाहू शेतीचं संशोधनही इथे १९३३ पासून चाललंय. तेव्हा माती-पाण्याची ही परिषद योग्य गावी भरली आहे.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. १९७२ च्या दुष्काळी कामावर आमच्या रानात समपातळी बांध पडला, तेव्हा मी शाळेत होतो. रान खोल काळं. पुढे सप्टेंबरात जोराचा पाऊस झाला. बांधाच्या वरच्या अंगाला आठ दिवस पाणी तुंबलं, ज्वारी पिवळी पडली आणि एका रात्री बांध फुटला. खाली घळ पडली ती पडलीच. वडील एवढंच म्हणाले, “माळावरचा बांध काळ्या रानात आणून टाकला.” काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, म्हणून बांधाला थोडा ढाळ देऊन जादा पाणी सावकाश बाहेर काढावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. टँकरच्या हिशेबात मोजून बघा! ते आधी रानातच मुरवायचं, तर उताराला आडवी मशागत हवी, पेरणीआधी वाफे हवेत. मुरलेलं टिकवायला ज्वारी आठ आठवड्यांची झाली की दातेरी कोळपं फिरवून भेगा बुजवायला हव्यात. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं आमच्याकडे म्हणतात. पण नाला खोलीकरणाला पोकलेन येतो, पाहुणे येतात, फोटो निघतो. कोळपणीचा नारळ फोडायला अजून कुणी आलेलं मी पाहिलं नाही. नाल्याला माझा विरोध नाही. पण नाल्यात पोचलेल्या पाण्याने वाटेत कुणाची माती आणली, हेही विचारलं पाहिजे. या दोन दिवसांत ते विचारावं, एवढी विनंती.

उद्या सकाळी सातला शिवारफेरी आहे. बूट घालून या, भेगांत पाय जातो. दुपारी मालदांडीची भाकरी, शेंगाची चटणी आणि संध्याकाळी हुरडा. कणसं आमच्याच रानातली आहेत; यंदा भरलीत बरी.