आग्रहाचा चहा आणि घरातील साखर
(वार्षिक स्नेहसंमेलनात भगिनी-परिषदेपुढे केलेले भाषण)



‘कुटुंबाचा नित्याचा आहार’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांनी मला आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. ४० वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेली एक गृहिणी आहे. म्हणून प्रथम घरातीलच एक अनुभव निवेदन करते.

माझ्या थोरल्या दिरांना मधुमेह होता. घरच्या मंगलकार्यात त्यांनी पानावर हात आडवा धरला, तेव्हा मीच म्हणाले, “भाऊजी, एका जिलबीने काय होते?” परंतु ती एकच नव्हती. ज्या घरी जावे तेथे असा आग्रह करणारे कोणी तरी होतेच. पुढे पायाची जखम चिघळली व अंगठा काढावा लागला. एका जिलबीचा तो दोष नव्हे, हे मी जाणते. तरी तो आडवा धरलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपण सातारा-सांगलीची माणसे. कृष्णाकाठी ऊस, उसावर चालणारे साखर कारखाने आणि पाहुण्यापुढे कंदी पेढे. गोडाने तोंड भरविणे हेच आपले आदरातिथ्य. पण सणावारच्या गोडापेक्षा रोजच्या चहातील साखरेचा हिशेब आपण कधी केला आहे काय? माणशी दिवसाला चार कप व कपात दोन चमचे धरले, तर चमच्याला पाच ग्रॅमप्रमाणे ४० ग्रॅम साखर होते. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो आणि वर्षाला ७२ किलो. म्हणजे ५० किलोचे एक पोते संपून दुसरे निम्म्याच्या आसपास येते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमांच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. बिस्किटे, सरबते यांतील साखरही त्यातच धरावयाची.

कित्येक भगिनी म्हणतील, “आम्ही गुळाचा चहा करतो.” गूळ आपल्या मातीतला खरा; परंतु तीही साखरच. मधुमेह्याला तिची सूट नाही. दुसरे असे की, जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. पंडुरोगाने थकलेल्या आपल्या लेकीसुनांसाठी तरी जेवण व चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. पानात लिंबाची फोड असावी. तिने भाजी-उसळीतील लोह अधिक अंगी लागते.

मग खावे काय? दूर जावयास नको. माण-खटावची बाजरी, जतची ज्वारी, पाटण-जावळीकडील नाचणी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, हुलग्याचे माडगे, पालेभाजी आणि ताक! संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. आपल्या आज्यांनी मात्र जन्मभर भाकरीच थापली. भाकरी हे औषध नव्हे, तीही बेतानेच खावी. परंतु ब्रेड-बिस्किटांच्या न्याहारीपेक्षा ती पुष्कळ बरी.

एकदम सारे बदलू पाहणारीचे घर आठवड्यात पूर्वपदावर येते. म्हणून दर पंधरवड्यास कपातील साखर पाव चमचा कमी करा. जीभ हळूहळू वळते. हा नियम मुलांना सांगत बसू नका. आधी वडिलांच्या कपापासून सुरू करा.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. पुढील स्नेहसंमेलनात चहा बिनसाखरेचा असावा व साखर वेगळ्या वाटीत ठेवावी. पंक्तीत ज्याने पानावर हात आडवा धरला, त्यास पुन्हा आग्रह करू नये. त्या हाताचा मान राखणे हेही आदरातिथ्यच आहे. मला ते फार उशिरा कळले. आपणांस वेळीच कळावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.