जुनी गाडी स्लोवर बंद पडते तेव्हा

(पळस्पे, ता. पनवेल येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



या पळस्पे फाट्यावरून एक रस्ता खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणकडे आणि पुढे गोव्याला. फाट्यावर ट्रक-कंटेनरांच्या रांगेत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि इंजिन बंद पडले, तर मागच्याला थांबायला किती जागा मिळते हे तुम्ही रोज पाहता. म्हणून आज भातशेती बाजूला ठेवून जुन्या पेट्रोल गाडीबद्दल बोलू या. अनेकांच्या अंगणात अजून मारुती ८०० किंवा ओम्नी आहे, एखाद्याकडे प्रीमियर पद्मिनीही असेल. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी थांबली. भाजीच्या पाट्या, बियाण्याच्या गोण्या आणि रात्री-अपरात्री घरातला आजारी माणूस, हे सगळे या गाड्यांनीच वाहिले आहे.

गाडी स्लोवर थरथरते किंवा बंद पडते म्हणून आपण गॅरेजला जातो. तिथे पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूला लागतो. स्लो वाढवला जातो, गाडी घरापर्यंत येते, आठवड्याने पुन्हा तेच आणि पेट्रोल मात्र जास्त लागते. माझे सांगणे असे की स्क्रू सर्वात शेवटी. आधी करंट पाहावा, मग हवा, मग पेट्रोल.

याचे कारण समजून घ्या. स्लोवर इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण आठशे-नऊशे असतात. त्या वेळी थ्रॉटलची पट्टी जवळजवळ बंद असते आणि इंजिन थोड्याशा हवेवर, थोड्याशा पेट्रोलवर चालते. डायनामोही हळू फिरत असतो, म्हणून वीज कमी बनते. रस्त्यावर वेगात असताना जी उणीव झाकली जाते, ती स्लोवर उघडी पडते. नळीला बारीकशी चीर असली तरी तिथून आत ओढली जाणारी हवा स्लोच्या मानाने फार मोठी ठरते.

पहिल्यांदा गाडीलाच प्रश्न विचारावा. बंद पडते ती थंड असताना की तापल्यावर? पावसातच की उन्हाळ्यातही? हेडलाइट लावल्यावर की ब्रेक दाबल्यावर? याची उत्तरे वहीत लिहून ठेवली तर निम्मे निदान गॅरेजला न जाता होते.

आता करंट. बाजारात स्वस्त डिजिटल मीटर मिळतो, पंपाच्या मोटारीसाठी काहींच्या घरी असेलच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर मीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ असेल तर अर्धीच उरली आहे. सेल्फ मारताना दहाच्या फार खाली येऊ नये. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. तेवढे दिसत नसेल तर पट्टा सैल आहे का, डायनामोच्या वायरी नीट आहेत का ते पाहावे. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरी उकळवून टाकील.

काही ठिकाणी डायनामो तपासण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढतात. आपल्या गाडीवर हे करू देऊ नका. अल्टरनेटरमधले डायोड त्याने जळतात आणि नसलेला बिघड विकत घेतला जातो.

बॅटरी चांगली, डायनामो चांगला, तरी दिवे मंद आणि स्लो डगमगता, असे असेल तर अर्थिंगकडे वळावे. पंपाच्या मोटारीला अर्थिंग का लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडीत मात्र त्याचे काम वेगळे आहे, इथे सगळा करंट बॉडीतूनच बॅटरीकडे परत येतो. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाडी पट्टी असते. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत तिच्या टोकाखाली गंज धरतो, वरून मात्र ती चांगलीच दिसते. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. पाव व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर पट्टी सोडून, गंज घासून, पुन्हा घट्ट आवळावी. खांबावरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

भात घरात आले की उंदीर येतात आणि उबेसाठी बॉनेटखाली शिरतात. वायरींवर दात दिसले तर त्या बदलाव्यात. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा तार घालू नये. जळायचा तो फ्यूज, सगळी गाडी नव्हे.

आता ज्यावर मला विशेष भर द्यायचा आहे ते ऐका. अनेक कार्ब्युरेटरांवर एक छोटा सोलेनॉइड असतो, त्यातून एक बारीक वायर निघते. किल्ली चालू केली की तो आत ओढला जातो आणि स्लोच्या जेटला पेट्रोल मोकळे होते. वायर सुटली किंवा तिचे टोक गंजले, तर गाडी रेसवर ठीक चालते आणि पाय काढताच मरते. लोक कार्ब्युरेटर उतरवून साफ करून घेतात, काही नवा आणतात, आणि दोष असतो त्या वायरीत. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि कार्ब्युरेटरजवळ कान द्यावा, ‘टक’ असा आवाज यायला हवा.

पावसाळ्यात सकाळी मिसिंग मारत असेल तर डेल्कोचे झाकण उघडून आत कोरड्या फडक्याने पुसावे, भेग आहे का पाहावे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करावे, प्लगच्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर बाद. मारुतीला तीनच सिलिंडर. एक मेला तर सगळी गाडी हलते. रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची टोपी क्षणभर काढावी. जी काढल्यावर स्लो पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. प्लग तपकिरी असेल तर चांगला, काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, पांढरा पडला असेल तर हवा जास्त.

हवेसाठी रबरी नळ्या हाताने चाचपाव्यात. ब्रेकला बूस्टर असलेल्या गाडीत इंजिनापासून बूस्टरकडे जाणारी नळी नीट पाहावी. ती चिरली तर स्लोही बिघडतो आणि ब्रेकही कडक होतो. इथेच एक सूचना करतो. पेट्रोल वाचवायला काहीजण घाट उतरताना इंजिन बंद करतात. बूस्टरमधला निर्वात दोन-तीन दाबांतच संपतो, पुढे पायाला लाकूड लागते. बोरघाटात हे कधीही करू नका.

पेट्रोलबद्दल आजची गोष्ट सांगायला हवी. घाटावरच्या उसातून आणि आता मक्यातूनही बनलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ मध्ये हे प्रमाण देशात वीस टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, ते बरेच आहे. पण १९९० च्या दशकातल्या गाडीची रबरी नळी, कार्ब्युरेटरची पॅकिंगे त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल ओलावा शोषते आणि टाकीतला जुना गाळ सोडवते, तो येऊन जेटमध्ये अडकतो. म्हणून फिल्टर लवकर बदलावा, गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये आणि पेट्रोलचा वास आला की नळी लगेच बदलावी.

हे सगळे झाल्यावरच स्क्रू. इंजिन पूर्ण तापलेले आणि चोक सोडलेला असावा. स्क्रू आधी किती फेरे बाहेर आहे ते मोजून लिहावे, मग पाव-पाव फेरा फिरवावा. पीयूसीची तपासणी स्लोवरच होते, तेव्हा स्लो नीट बसल्याची खात्री तिथेही होईल. इंजेक्शनच्या गाडीला, म्हणजे साधारण २००० नंतरच्या, हा स्क्रू नसतो. तिचे स्लो कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे थ्रॉटलची जागा साफ करावी आणि बाकी यंत्रावर तपासून घ्यावे.

हे काम उघड्या अंगणातच करावे. बंद पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवल्यास साठणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा पडतो. बॅटरीजवळ आणि कार्ब्युरेटरजवळ विडी नको. गाडीत मीटर, दहा नंबरचा पाना, सँडपेपरचा तुकडा, दोन जादा फ्यूज, एक प्लग आणि कोरडे फडके एका पिशवीत बांधून ठेवा.