लमाणी टाका



सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड हे माझे गाव. जवळच अडगाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. हा धडा मी पुष्कळ वर्षे शिकविला. परंतु वेलस्लीच्या फौजेस धान्य कोण पुरवीत असे, हे मात्र मुलांना कधी सांगितले नाही. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून लष्करामागे चालणारे लमाण, म्हणजेच बंजारे, हे काम करीत.

हे लोक मूळचे राजस्थानाकडील. त्यांची गोरमाटी बोली अद्यापि तिकडील बोलींशी नाते राखून आहे. मीठ व धान्य यांची ने-आण हा त्यांचा पिढीजात उद्योग होय. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाडातून नागपुरास पोहोचली आणि बैलाच्या पाठीचे मोल उतरले. फिरते तांडे हळूहळू वाशीम-पुसदकडील माळरानांवर स्थिरावले.

ज्यांस कायमचे घर नाही, त्यांनी आपली कला वस्त्रांवर काढली. कांचळी, घागरा, पानसुपारीची पिशवी, हंड्याखालची चुंबळ, ही त्यांची चित्रशाळा. जाड्याभरड्या सुती कापडाचे उभे-आडवे धागे नजरेने मोजावयाचे आणि टाका घालावयाचा. खाली रेखाटलेला नमुना नसतो. त्यातून चौकोन व त्रिकोण यांच्या रांगा उमटतात. मध्ये आरसे, कडेला कवड्या. कवडी हे एके काळचे नाणेच. व्यापारी जमातीच्या वस्त्रावर ते शोभले यात नवल नाही.

आता एक कबुली. पुसदकडील एका शाळेत असताना हस्तव्यवसायाच्या तासासाठी मी मुलींस रुमालावर गुलाबाचे फूल भरून आणावयास सांगितले. तांड्यावरील एका मुलीने त्याऐवजी कवड्या लावलेली पिशवी आणली. म्हणाली, "गुरुजी, याडीनं शिकवलं." याडी म्हणजे आई. मी म्हणालो, "हे नमुन्यात बसत नाही," आणि गुण दिले नाहीत. ती पिशवी पदराआड करावी तशी दप्तराआड करून ती जागेवर बसली. दिवाळीनंतर आईबापांसमवेत ती ऊसतोडीस गेली, ती वर्गात परतली नाही.

पुढे शहरातील एका दुकानात तशीच पिशवी काचेच्या चौकटीत टांगलेली पाहिली. किंमत माझ्या पहिल्या पगाराहून अधिक होती. करणारीचे नाव विचारले, तेव्हा दुकानदार हसला.

वर्षातील सहा महिने उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या हातास सुई धरण्याची उसंत कोठली? तथापि ही विद्या मरावीच असे नाही. कर्नाटकातील संडूरच्या लमाण स्त्रियांच्या भरतकामास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी लाभली असून तेथे या सुईवर आज चार पैसे मिळतात. आपल्या वाशीम-पुसदच्या तांड्यांतही असे टाके जाणणाऱ्या वृद्धा आहेत. त्यांस शाळेत सन्मानाने बोलवावे, मुलींस त्यांच्या हाताखाली बसवावे, आणि विकत घेणाऱ्याने भरतकाम करणारीचे नाव विचारून घ्यावे, एवढीच माझी विनंती.

त्या मुलीचे गुण मी अद्यापि देणे लागतो.