आषाढातला शिपाई : नाईक यशवंत घाडगे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



चार शब्द बोला, असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा मी विषय विचारला. ते म्हणाले, "तुमच्या गावाकडचे काहीतरी सांगा." म्हणून आज माझ्या माणगाव तालुक्यातल्या, रायगड जिल्ह्यातल्या, एका मुलाविषयी बोलतो. तो गेला तेव्हा अवघ्या 22 वर्षांचा होता.

आपल्यापैकी बरेच जण घाटावरचे आहेत. साहुकारपेठेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली मंडळी सांगली-साताऱ्याकडची, बँकांत आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत आलेली पुण्या-नागपूरची. म्हणून कोकणातला आषाढ थोडक्यात सांगतो. जुलैचा पहिला-दुसरा आठवडा म्हणजे भाताच्या लावणीची घाई. पाऊस कोसळत असतो, डोक्यावर इरले, पाय गुडघाभर चिखलात. एका घराच्या माणसांनी हे काम वेळेत उरकत नाही. मग सावड घालायची. आज सगळे मिळून तुमच्या शेतात, उद्या माझ्या. कुणाचे बैल, कुणाचा नांगर, कुणाच्या घरची भाकरी. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशोब मात्र चोख. ज्याने तुमच्या शेतात एक दिवस दिला, त्याच्या शेतात एक दिवस द्यायचाच. घरात आजारपण असले, कर्ता माणूस नसला, तरी त्या घराचे शेत पडीक राहू द्यायचे नाही. लहानपणी मीही रोपांच्या मुठी बांधावरून फेकत या कामात असायचो. पंगतीत बसून बांधावर खाल्लेल्या त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे.

अशाच भातशेतीच्या मुलखात, माणगाव तालुक्यातील पळसगावात, 16 नोव्हेंबर 1921 रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. पुढे ते फौजेत भरती झाले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. नाईक म्हणजे फार मोठा हुद्दा नव्हे. हाताखाली आठ-दहा जवान, बस्स.

दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ भागात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे जवान मरण पावले किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे यशवंतराव. सोबतीला कुणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने तोफ आणि तोफचालक निकामी केला, टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. काडतुसांची पेटी बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. ठाणे जिंकले, पण दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. 1945 मध्ये त्यांच्या पत्नीने तो दिल्लीत स्वीकारला. त्याच पलटणीच्या घराण्यातील नामदेव जाधव यांनीही पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इटलीतच हा मान मिळवला.

तारीख पुन्हा एकदा ऐका. 10 जुलै. पळसगावात तेव्हा लावणी चालू असणार. बांधावर एका घरची सावड त्या दिवसापासून कायमची अपुरी पडली.

आता एक अवघड प्रश्न. तरुण पिढीतले काही जण विचारतात, "काका, ती लढाई तर इंग्रजांची होती. 1942 मध्ये देश 'चले जाव' म्हणत होता, मग या शिपायाचा गौरव कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्या दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच मुलखात घडल्या, हे आपण लपवू नये. पण राजकारण त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या हातात नव्हते. त्याच्या हातात होते ते शेजाऱ्याला दिलेले वचन. शेजारी पडला म्हणून त्याचे काम अर्धवट टाकायचे नाही, हे सावडीत वाढलेल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही, असे मला वाटते.

इटलीने मात्र त्यांना विसरले नाही. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते. तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांना मिळाले. 2023 च्या जुलैमध्ये पेरुजियाजवळच्या मोंतोने या छोट्या गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावात घड्याळ नव्हते, सूर्य पाहून न्याहारी आणि सुट्टी ठरायची, त्या गावच्या मुलाला याहून योग्य स्मारक कोणते? त्यांची समाधी कुठेही नाही, नाव आहे ते कॅसिनो येथील स्मारकावर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. लहानपणी त्यासमोरून जाताना मी कधी थांबून नाव वाचले नव्हते, याची आज लाज वाटते.

आपल्या चेन्नईतही तसेच होते. नंदंबाक्कमला, माउंट-पूनमल्ली रस्त्यावर युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील साडेआठशेहून अधिक सैनिक तिथे चिरनिद्रा घेत आहेत. मागच्या बाजूला पहिल्या महायुद्धातील हजारावर नावांचे स्मारक आहे. आपल्यातले कित्येक जण रोज बसमधून, गाडीतून तिथून जातात. किती जण आत गेलो?

म्हणून मंडळापुढे एक साधी विनंती ठेवतो. निधी नको, फलक नको. दरवर्षी 10 जुलैच्या सुमारास एका रविवारी आपल्या मुलांना घेऊन तिथे जाऊ. दहा-बारा कुटुंबे आली तरी पुरे. मुलांना दगडांवरची नावे आणि वये मोठ्याने वाचू द्या. मग तिथेच त्यांना पळसगावची गोष्ट सांगू आणि येताना घरून आणलेले डबे एकत्र बसून खाऊ. परगावी आलेली आपण माणसे. इथे कुणाचे घर बदलायचे, कुणाचे दवाखान्याचे काम, या गणपतीची आरास, सारे एकमेकांच्या हातानेच उरकते. ही आपली सावडच आहे. त्यात एक दिवस यशवंतरावांचा धरू. त्यांचा दिवस आपल्यावर देणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!